गुणपत्रिकेत नसलेले विषय

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे पत्र आले, तेव्हा सोबतच्या सूचनेत ‘शाळेने आपणांस काय दिले’ असा विषय सुचवलेला होता. १९७९ साली दहावी होऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे सारी नोकरी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत केलेल्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे गणितापासून सुरू करावयास हवे, कारण पोट त्यावरच भरले. परंतु निवृत्तीनंतर आज सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत जे माझ्या कामी येते, ते गणित नव्हे. मोठ्याने वाचण्याची आणि ऐकण्याची सवय, स्वतःवर हसता येणे, गाण्याचा थोडाफार कान आणि जुने चित्रपट पाहण्याची हौस या चार गोष्टींवर माझा दिवस चालतो. या चारही मला याच शाळेत मिळाल्या आणि त्यांपैकी एकीसाठीही शाळेने मला कधी गुण दिले नाहीत. गुण दिले नाहीत म्हणूनच त्या टिकल्या, असे माझे आता मत झाले आहे.

आठवीत आम्हाला मराठी शिकवणारे गुरुजी धड्यावर इतके प्रश्न विचारीत की धडा नकोसा होई. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, ‘कोण कोणास म्हणाले’ हे सारे ते अत्यंत कडकपणे करून घेत. मात्र एखादे शिक्षक रजेवर असल्यामुळे ऑफ तास मिळाला आणि त्यावर हेच गुरुजी आले, की त्यांच्या बगलेत पाठ्यपुस्तकाऐवजी चिं. वि. जोशी यांचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ असे. हसवणारा मजकूर ते अतिशय गंभीर चेहऱ्याने, सरकारी परिपत्रक वाचून दाखवावे तसे वाचीत. वर्ग पोट धरून हसत असे आणि गुरुजींच्या मिशीचा केसही हलत नसे. कोणी हसला नाही तर त्याला विनोद समजावून सांगण्याच्या भानगडीत ते पडत नसत, आणि ‘यातून काय बोध घ्याल’ हा प्रश्न तर त्यांच्या तोंडून आम्ही त्या तासाला कधीच ऐकला नाही. घंटा झाली की वाक्य अर्धे राहिले असले तरी पुस्तक मिटून ते निघून जात. आता वाटते की ते अर्धे वाक्य सोडणे हाच त्यांचा खरा अध्यापनाचा भाग असावा, कारण मधल्या सुट्टीत आम्ही जाळीच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाईमामांच्या मागे लागत असू. पुस्तकाची प्रत एकच होती. ती ज्याला मिळे त्याने ती घरी नेण्याऐवजी चिंचेखाली बसून सर्वांना वाचून दाखवायची, असा न ठरवता पडलेला प्रघात होता. मूकवाचनाची गोडी मला फार पुढे लागली. माझी पहिली पुस्तके कानांनी वाचलेली आहेत.

या पुस्तकाचे कर्ते बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणारे गाढे विद्वान होते, हे गुरुजींनी आम्हाला एकदाच, जाता जाता सांगितले होते. विद्वत्ता आणि विनोद एकाच घरात नांदू शकतात याचे तेव्हा नवल वाटले होते. पुढे मी स्वतः कारकून झालो आणि त्या पुस्तकाचा नायक चिमणरावही कारकूनच, त्यामुळे आमचे नाते अधिकच जवळचे झाले. लेखापरीक्षणाचा शेरा आला, त्याचा खुलासा मागवला गेला आणि त्या खुलाशावर पुन्हा शेरा आला, की कचेरीतील इतर मंडळींचा रक्तदाब वाढत असे. मी मात्र या प्रसंगी चिमणरावाने काय केले असते आणि त्याचा सोबती गुंड्याभाऊ सोटा घेऊन कोठे निघाला असता याची मनाशी जुळवाजुळव करीत खुलाशाचा मसुदा लिहीत असे. काम तेवढेच होई, फक्त घरी परतताना डोके शांत असे. विनोदाचा याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही. हल्ली भ्रमणध्वनीवर दिवसभर जे विनोद येतात त्यांनी हसू येत नाही असे नाही, पण ते विनोद कोणा माणसाचे नसतात. त्यांना ना स्वभाव, ना घर, ना बायको. चिमणरावाला हे सगळे आहे, म्हणून तो आपल्याबरोबर कचेरीत येऊ शकतो.

घरी त्या काळी विनोदाचा दुसरा स्रोत म्हणजे रेडिओ. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे अनुक्रमे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, यांचे आवाज खरखरीतून वेचून घ्यावे लागत. साखर, रॉकेल, पाहुणे, असल्याच विषयांवर त्यांचे संवाद चालत, आणि आमच्या घरातील वादांचे विषयही तेच असल्याने कार्यक्रम संपल्यावर आईवडिलांना पुन्हा तोच वाद घालणे काहीसे अवघड जाई.

गायनाचा तास आठवड्यातून एकदाच असे. त्या तासाला परीक्षा नाही, म्हणून वरिष्ठ वर्गांत तो बहुधा गणिताला दिला जाई. आमच्या गायनाच्या बाईंनी मात्र तो कधी सोडला नाही. त्यांच्याजवळ ‘गीतरामायणा’ची एक हस्तलिखित वही होती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन गीते ऐकवली गेली. बाई त्या वेळी परकर-पोलक्यातल्या होत्या. त्यांच्या आळीत रेडिओ एकाच घरी, त्यामुळे गाण्याच्या वेळी त्या घराची ओसरी भरून जाई आणि ज्या मुलींचे अक्षर बरे त्यांनी शब्द उतरवून घ्यायचे, अशी वाटणी होई. राहिलेले शब्द पुनःप्रसारणाच्या वेळी भरून काढीत. त्या वहीत कोठे कोठे पेन्सिलीने गाळलेल्या जागा तशाच होत्या आणि छापील पुस्तक मिळत असूनही बाईंनी त्या भरल्या नव्हत्या.

पहिले गीत भूप रागात बांधलेले आहे. बाईंनी रागाचे नावही आधी सांगितले नाही. पेटीवर त्यांनी मध्यम आणि निषाद या दोन स्वरांच्या पट्ट्यांवर कागदाचे कपटे ठेवले आणि एकेका मुलाला बोलावून ‘कपट्यांना हात न लावता हवे ते वाजव’ असे सांगितले. ज्याला काहीच येत नव्हते त्याच्या बोटांतूनही काहीतरी ओळखीचे उमटू लागले, आणि त्यानंतर त्यांनी गाणे म्हटले. त्या दिवसापासून भूप कोठेही लागला, मग ती भूपाळी असो, चित्रपटगीत असो वा मंदिरातील भजन असो, माझा हात हातातल्या कामावरून क्षणभर उठतो. मी गात नाही. माझ्या गाण्याने घरच्यांना त्रास होतो हे मला सांगण्यात आले आहे. पण सकाळी चहा उकळत असताना लागलेल्या गाण्यात कोणते स्वर गाळले आहेत हे शोधण्याचा खेळ मी आजही खेळतो, आणि त्यास तिकीट लागत नाही.

चित्रपटांचे प्रकरण जरा निराळे होते. गावात पडदा येई तो जिल्ह्याच्या प्रसिद्धी खात्याच्या गाडीतून. शाळेच्या मैदानावर दोन बांबूंमध्ये पांढरे कापड ताणले जाई, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर टेबलावर चढे आणि आधी खते, लहान कुटुंब व अल्पबचत यांवरील माहितीपट सोसावे लागत. जुने ते सारे सोने असे मानणाऱ्यांनी ते माहितीपट एकदा पाहावेत. पडद्याच्या पुढची जागा भरली की उशिरा आलेले लोक मागे बसत. तेथून चित्र उलटे, म्हणजे सारी पात्रे डावखुरी दिसत आणि पाट्या वाचता येत नसत. आम्ही मुले मुद्दाम दोन्ही बाजूंनी पाहून येत असू. प्रोजेक्टर एकच असल्याने प्रत्येक रीळ संपले की दिवे लागत, पुढचे रीळ चढवण्यास वेळ जाई आणि तेवढ्यात मैदानभर चर्चा होई. चित्रपट पाहणे म्हणजे मध्येमध्ये त्याविषयी बोलणे ही माझी समजूत तेथे झाली असून ती चित्रपटगृहात फार गैरसोयीची ठरते.

अशाच एका रात्री आम्ही ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पाहिला. १९३६ सालचा हा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सर्वांना ठाऊक असते. आम्हाला ते ठाऊक नव्हते आणि त्याने काही बिघडले नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आला की म्हाताऱ्या बायका हात जोडत, आणि गौरी यांनी साकारलेली जिजाई आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन खुद्द पांडुरंगावर पायताण उगारते तेव्हा त्याच बायका पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत. भक्ती आणि हसणे यांत वैर नाही, हे कोणी भाषणात सांगितले असते तर मी विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या गुरुजींनी चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हे पद फळ्यावर लिहिले, शाळेची तुकारामांची गाथा टेबलावर ठेवली आणि हा अभंग शोधून द्या, एवढेच म्हणाले. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग. पुढचे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत दोघे-तिघे गाथेवर वाकलेले असत आणि शोधता शोधता भलतेच काही सापडून त्यावरच थांबत. अभंग मिळाला नाही, कारण तो गाथेत नाहीच. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले ते पद आहे आणि जाणकारांचीही त्याने फसगत झाल्याची कथा सांगितली जाते. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आम्ही काहीसे चिडलो, पण तोवर गाथा पुरेशी वाचून झाली होती.

चिमणरावावर मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावं करून’ हा चित्रपट काढला होता आणि त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते, हेही गुरुजींकडूनच कळले. ती रिळे प्रसिद्धी खात्याच्या गाडीत कधी आली नाहीत. निवृत्तीनंतर मी तो संगणकावर पाहिला. आवाज फाटलेला आणि चित्र पावसात भिजल्यासारखे होते, तरी दामूअण्णांची ती तिरपी नजर पडद्यावर आली मात्र, मी यंत्र थांबवून सौभाग्यवतींना स्वयंपाकघरातून हाक मारली. थांबवून बोलण्याची जुनी खोड आता यंत्रानेच सोयीची केली आहे. आमच्या घरी दोन तासांचा चित्रपट अडीच दिवस चालतो.

आमच्या तुकडीतील गावातच राहिलेले काही जण शनिवारी संध्याकाळी एकत्र बसतो. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या दिवशी वाचनातून सूट असते. अमृतमहोत्सवानिमित्त आम्ही सर्वांनी मिळून शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकांचे एक कपाट द्यावयाचे ठरवले आहे. त्यात विनोदी पुस्तके अधिक आहेत, गाण्यांची आहेत, चित्रपटांच्या गोष्टी सांगणारीही आहेत. अट एकच घातली आहे, की या पुस्तकांवर प्रश्नावली, प्रकल्प वा निबंध यांपैकी काहीही मुलांकडून करून घेऊ नये आणि कपाटाला कुलूप असू नये. मुख्याध्यापिकाबाईंनी अट मान्य केली. कुलूप नसेल तर पुस्तके हरवतील, एवढी शंका मात्र त्यांनी काढली. हरवली तर पुन्हा देऊ, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.