खाजवू नको म्हणणं सोडलं, त्या हिवाळ्यात

नरक चतुर्दशी

आईनं पहाटे साडेचारला हाक मारली तेव्हा मी जागाच होतो. गेल्या दिवाळीची हीच सकाळ डोक्यातून जात नव्हती.

तेव्हा माझी लेक चिऊ तीन वर्षांची होती. पाटाभोवती रांगोळी, कडेला पणती, वाटीत उटणं. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा असं सगळं आणून आई उटणं घरीच कुटते, त्याचा वास जिन्यापर्यंत येतो. तिनं मायेनं चिऊचे हात चोळले, पाठ चोळली, वरून कढत पाणी, वरून दिवाळीचा सुगंधी साबण. दुपारी पोरीच्या कोपरांची आतली बाजू लालबुंद झाली. भाऊबीजेला तिथून पाणी सुटलं. आई देवघरासमोर बसून रडली. तिचा काय दोष? इसब असलेल्या कातडीला खरखरीत, सुगंधी आणि गरम यातलं काहीच सोसत नाही, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं.

आज आईनं उटण्याचं बोट चिऊच्या पायाच्या अंगठ्याला फक्त टेकवलं. ‘शकुनापुरतं गं,’ म्हणाली. बादलीत स्वतःचं कोपर बुडवून पाणी कोमट आहे ना ते पाहिलं. सात-आठ मिनिटांत अंघोळ आटोपली. पंचानं अंग टिपून घेतलं, रगडलं नाही. अंग ओलसर असतानाच मी क्रीम लावायला घेतलं. अंघोळीनंतरच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत ते लागलं की कातडीत शिरलेलं पाणी तिथेच राहतं. उशीर झाला तर उडून जाताना ते आधीचाही ओलावा घेऊन जातं. कारीट मात्र चिऊनं स्वतः फोडलं, डाव्या अंगठ्यानं, दोनदा.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण मलाही ती उशिरा कळली. पॅराफिन असलेलं क्रीम कपड्यात मुरतं. रोज लावून लावून फ्रॉक, पांघरूण, उशी सगळ्यात बसतं आणि असं कापड पटकन पेट घेतं. साध्या धुण्यानं ते पूर्ण जात नाही. म्हणून फुलबाज्यांच्या वेळी चिऊला धुतलेला नाही, कोरा सुती फ्रॉक घातला आणि पणत्यांची रांग तिच्या हाताबाहेर, कट्ट्यावर मांडली.

९ डिसेंबर, रात्री अडीच

पाऊस संपला की पुण्याची हवा एकदम कोरडी होते. मोठ्यांचे ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. चिऊचं अख्खं अंग फुटतं. पहाटे पारा दहाच्या आसपास उतरायला लागला आणि आमच्या जागरणांना सुरुवात झाली. रात्री दोनपर्यंत ही बघते, पुढे मी.

मघाशी गोधडीखालून आवाज आला. खर्र, खर्र. मी ओळखतो तो आवाज.

‘चिऊ, खाजवतेयस का?’

आवाज थांबला. ‘नाही बाबा.’

दिवा लावला. दोन्ही हात पाठीखाली दडवलेले. बाहेर काढले तर नखांत रक्त, गुडघ्यामागे ओरखडे. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘मी नाही केलं. आपोआप झालं.’

क्रीम लावलं, ती झोपली. मी स्वयंपाकघरात येऊन हे लिहितोय. चार वर्षांचं लेकरू माझ्याशी खोटं बोललं आणि बोलताना घाबरलं होतं. कशाला घाबरलं? काल मी सहज मोजलं होतं. सकाळी दात घासण्यापासून रात्री झोपेपर्यंत ‘खाजवू नको’ हे घरात ३१ वेळा म्हटलं गेलं. मी, ही, आई, वरच्या मजल्यावरच्या काकू, रिक्षावाले काका. कुणी प्रेमानं, कुणी दटावून. ३१ वेळा तिनं ऐकलं की ती काहीतरी वाईट करते आहे. पण खाज ही काही तिची खोड नाही. तहान लागलेल्या मुलाला आपण ‘पाणी मागू नको’ म्हणतो का?

१० डिसेंबर

स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. या आम्हाला भेटलेल्या तिसऱ्या. इतके दिवस यांच्याकडे का गेलो नाही याची हळहळ वाटते.

आधीचा इतिहास सांगताना जीभ जड झाली. पहिल्यांदा डाग उठले तेव्हा आम्हाला गजकर्ण वाटलं. जवळच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. तीन दिवसांत कातडी गुळगुळीत, आम्ही खूश. बंद केल्यावर आठवड्यात दुप्पट उसळलं. डॉक्टरांनी त्या ट्यूबचं रिकामं खोकं वाचलं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला क्लोबेटासोल, म्हणजे सगळ्यात तीव्र गटातलं स्टिरॉइड. लहान मुलाच्या गालावर ते कुणाच्या देखरेखीशिवाय लावायचं नसतं. त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. स्टिरॉइड हा शब्द ऐकला तरी नको म्हणायचो आणि पोरगी खाजवून रक्त काढायची.

यांनी चेहऱ्यासाठी सौम्य आणि हातापायांसाठी जरा वरचं अशी वेगवेगळी मलमं दिली, माप शिकवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी मलमाची रेघ, ती मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लाली आणि खडबडीतपणा जाईपर्यंत लावायचं, भीतीनं मध्येच सोडायचं नाही, कातडी नीट झाली की थांबायचं. पेर हे माप मला फार आवडलं. आई कुंकू आणि हळद अशीच मोजते.

मग त्यांनी विचारलं, ‘साधं मॉइश्चरायझर आठवड्याला किती लागतं?’

मी अभिमानानं सांगितलं, पन्नास ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस जाते.

‘पाव किलो लागायला हवं,’ त्या म्हणाल्या. ‘आठवड्याला. निदान.’

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. पाव किलो हे मटारचं किंवा पेढ्यांचं माप. वर्षभर आम्ही तहानेल्या कातडीवर चमचाभर पाणी शिंपडत होतो. महाग, नावाजलेलं हवं असं नाही, म्हणाल्या. बिनवासाचं, परवडेल असं, आणि मुलीला नकोसं वाटणार नाही असं घ्या. जे रोज दोनदा-तीनदा लागेल तेच चांगलं. मोठा डबा घ्या, त्यात बोटं घालू नका, धुतलेल्या चमच्यानं काढा, नाहीतर जंतू आत जातात. उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा, गारव्यानं खाज शमते. आईचा प्रश्न मी विचारला, खोबरेल चालेल का? घाण्याचं, वास न घातलेलं असेल तर हरकत नाही, पण क्रीमच्या बदली नको. मोहरीचं अजिबात नको.

खाण्याचं निघालं. ‘रक्त तापलंय, वांगं बंद करा’ इथपासून सुरुवात होऊन आम्ही चिऊचं दूध, अंडं, शेंगदाणे असं सगळं तीन महिने तोडलं होतं. खाज तसूभर कमी झाली नाही, पोरीचं वजन मात्र त्या तीन महिन्यांत वाढलं नाही. डॉक्टर यावर थोड्या रागावल्या. एखादी गोष्ट खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, तर वेगळी गोष्ट, तेव्हा तपासणी करू. नाहीतर जे खाऊन पचतंय ते उगाच तोडू नका, बराच काळ तोडलेल्या पदार्थाची खरी ॲलर्जी नंतर उद्भवू शकते. घरी येताना मी शेंगदाण्याचा लाडू घेतला. चिऊनं रिक्षातच संपवला.

निघताना मी कालच्या रात्रीचं सांगितलं. गोधडीखालचे दडवलेले हात. डॉक्टर जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खाजवू नको म्हणता, तेव्हा तिच्या हाताला दुसरं काम काय देता?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१२ डिसेंबर

कातडी म्हणजे कौलारू छप्पर असं आता मी मनाशी धरलंय. चिऊची कौलं जन्मापासून नीट बसलेली नाहीत. आतला ओलावा उडून जातो, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत उतरतात, आतलं शरीर खवळतं, खाज सुटते. खाजवलं की आणखी कौलं सरकतात. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन ही कौलं घट्ट बसवायला मदत करतं आणि काही जणांच्या जनुकातच ते कमी पडतं, हे २००६ साली सापडलं. सगळ्यांचं कारण तेच नसतं, पण इसब, दमा, ॲलर्जीची सर्दी ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत हे नक्की.

मला लहानपणी दमा होता. आई रात्र रात्र मला मांडीवर उभा धरून बसायची. आज तिनं स्वतःहून विषय काढला. ‘तुझा दमा, तिची खाज. आमच्याकडूनच आलं रे.’ मीही गेले वर्षभर हाच काटा बाळगून होतो, शिवाय दुसरा एक: जन्मल्यापासूनच रोज क्रीम लावलं असतं तर हे टळलं असतं. ब्रिटनमध्ये १३०० हून अधिक नवजात बाळांवर हेच करून पाहिलं गेलं. घराण्यात इसब-दमा असलेली बाळं, निम्म्यांना पहिलं वर्षभर रोज क्रीम. निकाल २०२० मध्ये आला. दोन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण जवळपास सारखंच. झालेल्या इसबाला क्रीम लागतंच, पण न लावल्यानं तो झाला नव्हता. मी हे आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

भोगी

आज घर तिळाच्या वासानं भरलंय. उद्या संक्रांत, रविवारी चिऊचं बोरन्हाण. पाचव्या वर्षापर्यंत करतात, त्यामुळे बहुधा हे शेवटचं. तुळशीबागेतून हलव्याचे दागिने आणले. काळा फ्रॉक तिथे होता तो झगमगीत, आतून टोचऱ्या जाळीचा. चिऊला तोच हवा होता आणि मला नाही म्हणवेना. आईनं तोड काढली. स्वतःच्या जुन्या नऊवारीचं जुनेर कापून तिनं फ्रॉकला आतून पूर्ण अस्तर शिवलं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं कापड, गालाला लावलं तर लागत नाही. त्याच जुनेराच्या चार पट्ट्याही फाडल्या. जास्त उसळलं की क्रीम लावून त्यावर ओली पट्टी, वर कोरडी, असं डॉक्टरांनी मला करून दाखवलंय. स्वतःच्या मनानं कुणी करू नये, कातडीला जंतूंची लागण झालेली असेल तर हे उलटतं. पिवळी खपली, पू, ताप, किंवा अचानक पाण्याच्या बारीक फोडांचे घोस दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. असले फोड दुसऱ्याच्या ओठांवरून लागू शकतात, म्हणूनच ओठावर फोड आलेल्या पाहुण्याला आम्ही चिऊचा पापा घेऊ देत नाही, कुणाला राग आला तरी.

आमच्याकडे धायरीत टँकरचं पाणी, बादलीवर पांढरा थर बसतो. सोसायटीत पाणी मऊ करायचं यंत्र विकायला आले होते, मी सही करायच्या बेतात होतो. जड पाणी आणि इसब यांचा संबंध दिसतो, पण इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी असं यंत्र बसवून पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, असा २०११ चा अभ्यास मिळाला. ते पैसे क्रीमला.

बालवाडीत एका पालकानं ‘खरूज तर नाही ना?’ विचारलं. बाईंना मी चार ओळी लिहून दिल्या: हा इसब आहे, शिवल्यानं लागत नाही, चिऊचा हात धरा. बाई आता वर्तुळात तिचाच हात पहिला धरतात.

२७ जानेवारी, पहाटे सव्वातीन

दीड महिना झाला. घरात ते दोन शब्द बंद आहेत. सुरुवातीला आईच्या तोंडून निसटायचे, मग ती स्वतःच जीभ चावायची. त्याऐवजी विचारतो, ‘कुठे खाजतंय? दाखव.’ दाखवलं की माठाच्या पाण्यात भिजवलेलं जुनेर त्या जागी ठेवायचं, वर तिनंच तळहातानं दाबायचं, शंभरपर्यंत मोजायचं. तिला एकोणतीसनंतर चाळीसच येतं, ते चालतं. मग क्रीम, अंगावरच्या केसांच्या दिशेनं, न चोळता. नखं दर तिसऱ्या दिवशी कापतो, ती झोपल्यावर.

इसब गेलेला नाही. गेल्या आठवड्यात थंडीची लाट आली तेव्हा गुडघ्यामागे पुन्हा फुटलं, मलम पुन्हा पेरानं मोजलं. पण आत्ता, वीसेक मिनिटांपूर्वी, गोधडीखालून खर्र आवाज आला नाही. कुणीतरी माझा दंड हलवत होतं. डोळे मिटलेलेच, बाही वर सरकवलेली, हात माझ्या नाकासमोर धरलेला.

‘बाबा, इथे.’

मी पट्टी ठेवली. ती दाबत, मोजत, सत्तावीसला झोपली.

डब्याचा तळ दिसायला लागलाय. उद्या कामावरून येताना दोन आणायचेत.