तिसऱ्या मात्रेनंतरची जागा

वयाच्या ४३व्या वर्षी मी वॉल्ट्झ हा जोडीने नाचायचा पाश्चात्य बॉलरूम नाच शिकू लागले आणि पहिली दोन वर्षे भलत्याच काळजीत घालवली. पावले लक्षात कशी राहतील, ही ती काळजी. वास्तविक नवशिक्यांच्या वॉल्ट्झमध्ये लक्षात ठेवण्यासारखे फार थोडे असते. उजवीकडे फिरणारा नॅचरल टर्न, डावीकडे फिरणारा रिव्हर्स टर्न, त्या दोघांना जोडणारे क्लोज्ड चेंज, कोपऱ्यासाठी स्पिन टर्न, आणि व्हिस्क व त्यातून बाहेर पडणारा शॅसे, एवढ्या आकृत्यांच्या सामग्रीवर स्पर्धेतला पूर्ण नाच उभा राहतो. महिन्याभरात हे सगळे मला तोंडपाठ झाले, आणि घोटाळा झाला तो तिथेच, कारण पाठ आहे म्हणजे येते असे मी धरून चालले.

वॉल्ट्झ तीन मात्रांचा. पहिल्या मात्रेवर जोर, पुढच्या दोन हलक्या. दादऱ्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला यात अवघड काहीच नव्हते. उलट एक सोयच झाली. वॉल्ट्झचा एक बार, म्हणजे तीन मात्रांचा एक गट, एका पावलाने सुरू झाला की दुसरा दुसऱ्या पावलाने सुरू होतो, म्हणजे दोन बार मिळून सहा मात्रांचे एक आवर्तन पुरे होते आणि तेव्हा पहिले पाऊल पुन्हा हाती लागते. ही जुळणी मी मॅडमना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सम तुला बरोबर सापडते गं, पण समेच्या आधी तू काय करतेस, ते बघ." त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

त्या कशाबद्दल बोलत होत्या, ते आता जरा तपशिलात सांगते, कारण या नाचाचा सगळा जीव तिथे आहे. स्पर्धेतला संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार या गतीने वाजतो. म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाहून थोडी कमी. पहिल्या मात्रेवर लांब पाऊल पडते, त्या मात्रेच्या शेवटी शरीर वर चढू लागते, दुसऱ्या मात्रेवर पाऊल बाजूला जाते आणि चढ चालू राहतो, तिसऱ्या मात्रेवर पाय जुळतात आणि आपण सर्वांत उंच असतो. त्यानंतर, तिसरी मात्रा संपता संपता, खाली यायचे असते. पुस्तकी भाषेत याला 'तिसऱ्याच्या शेवटी उतार' असे म्हणतात, आणि वाचताना ही एक साधी सूचना वाटते. प्रत्यक्षात ज्या पायावर भार आहे त्याचा घोटा आणि गुडघा हळूहळू सैल करत, टाच जमिनीला अलगद टेकवत, भार मात्र त्याच पायावर राखून खाली यायचे असते. मोकळा पाय त्याच वेळी कमरेपासून पुढच्या पावलाच्या दिशेने निघालेला असतो. पुढचे पाऊल किती लांब आणि किती शांत पडणार, हे या उतारातच ठरते. जो धप्पकन खाली येतो, त्याला पुढच्या 'एक'वर स्वतःला ढकलावे लागते.

मी धप्पकन खाली येत होते. हे मला कुणी सांगून पटले नाही. पटले ते एका चित्रफितीमुळे. सरावाच्या खोलीत भिंतीवर साधारण डोक्याच्या उंचीला एक रंगीत पट्टा होता आणि आमचा नाच कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. त्या पट्ट्याच्या पार्श्वभूमीवर माझ्या जोडीदाराचे डोके चढायला जेवढा वेळ घेत होते, जवळजवळ तेवढाच उतरायला घेत होते. माझा अंबाडा मात्र पट्ट्यापर्यंत नीट चढायचा आणि मग कुणी दोरी कापावी तसा खाली यायचा. प्रत्येक बारला. मी ती फीत मंद गतीने पाहिली, तेव्हा कळले की पाय जुळायच्या आतच माझा भार पुढच्या पावलाकडे निघालेला असतो. तिसरी मात्रा मी ऐकत होते, पण ती वापरत नव्हते.

यात स्त्रीच्या बाजूने आणखी एक गोम आहे. पुरुष पुढे जातो तेव्हा आम्ही मागे जातो, आणि पाहतो डावीकडे, त्याच्या उजव्या खांद्यावरून; म्हणजे ज्या दिशेला निघालो आहोत ती दिशा आपल्याला दिसतच नाही. मागे पाऊल टाकताना आधी चवडा टेकतो, मग भार सरकत टाचेवर येतो आणि पुढे राहिलेल्या पायाचा चवडा उचलला जातो. शिवाय नॅचरल टर्नमध्ये मागे जाणाऱ्या पहिल्या पावलावर टाच उचलून उंच व्हायचे नसते. तो चढ घोट्यातून न येता गुडघ्यांतून आणि अंगातून यावा लागतो. इतके सांभाळायचे असताना मनुष्य ज्याची खात्री आहे त्याला धरतो, आणि मला खात्री होती ती पाठ केलेल्या क्रमाची. पुढे काय येणार ते मला माहीत असे, म्हणून मी तिथे आधीच पोहोचलेली असे. जोडीदाराला माझ्या मागोमाग यावे लागे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की तोच मागे पडतो आहे. त्याने कधी तक्रार केली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

हा जोडीदार माझ्यासारखाच उशिरा सुरुवात केलेला, स्वभावाने मितभाषी. पहिली दोन वर्षे आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो. नाचाच्या पकडीत बरगड्यांपासून कमरेपर्यंत अंग अंगाला लागलेले असते, दोघेही एकमेकांच्या किंचित उजवीकडे सरकून उभे असतात, त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर आणि माझा डावा त्याच्या दंडावर. आणि अशा अवस्थेत "तुमचा खांदा जरा वर आलाय" असे अदबीने सांगितले जाते. बाहेरच्या माणसाला यात गंमत वाटेल, वर्गात ती कुणाला जाणवतही नाही. हा स्पर्श म्हणजे निरोप पोहोचवायची तार असते आणि दोघांचेही लक्ष त्या निरोपाकडे लागलेले असते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र याच पकडीवरून गहजब झाला होता. १८१६ साली लंडनच्या 'द टाइम्स'ने दरबारी नृत्यसमारंभात वॉल्ट्झचा प्रवेश झाल्याबद्दल त्याला असभ्य परदेशी नाच ठरवून झोडपले होते.

तो वॉल्ट्झ अर्थात वेगळा, गरगर फिरणारा. त्याचे आजचे स्पर्धेतले रूप म्हणजे व्हिएनीज वॉल्ट्झ, मिनिटाला साधारण ६० बार, म्हणजे आमच्या वॉल्ट्झच्या दुप्पट गतीचा. तिथे एका मात्रेला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो आणि असा चढ-उतार करायला सवडच राहत नाही. संथ वॉल्ट्झ इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आला. १९२२ साली पहिली जागतिक बॉलरूम स्पर्धा व्हिक्टर सिल्व्हेस्टर या इंग्लिश नर्तकाने जिंकली, १९२४ साली नृत्यशिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली आणि तिथल्या शिक्षकांनी पावले, दिशा, चढ-उतार असे सगळे नियमांत बसवले. गती कमी झाली आणि तिसऱ्या मात्रेनंतर ही जागा मोकळी झाली. माझ्या मते त्या जागेवरच हा नाच इतकी वर्षे टिकून आहे. आकृत्या तर त्यानंतर फारशा बदललेल्याही नाहीत.

पहिल्या स्पर्धेत आम्ही उतरलो ते नवशिक्यांच्या गटात, फक्त वॉल्ट्झ. पाठीवर क्रमांक पुरुषाच्या लागतो. तो चार सेफ्टी पिनांनी सरळ टाचणे हे काम त्या दिवशी नाचाहून कठीण वाटले, कारण माझे हात थरथरत होते. बुटांचे तळवे मऊ, खरबरीत चामड्याचे असतात आणि गुळगुळीत झाले की घसरतात, म्हणून मैदानाबाहेर सगळेजण एक पाय उचलून तारेच्या ब्रशने तळवे घासत होते. जोड्या नऊ, परीक्षक पाच, आणि त्यांनी आपल्याला अंतिम फेरीत पाहावेसे वाटणाऱ्या सहा जोड्यांपुढे फुली मारायची होती. संगीत दीड मिनिट.

हा हिशेब मी नंतर घरी केला. दीड मिनिटात नऊ जोड्या पाहायच्या, म्हणजे एका जोडीच्या वाट्याला सरासरी दहा सेकंद. दहा सेकंदांत जेमतेम पाच बार होतात. परीक्षक आपला सुंदर क्रम पाहत नाही, कोणत्या आकृतीनंतर कोणती आली हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. त्याला दिसतात चार-पाच चढ आणि चार-पाच उतार, आणि त्यावर तो फुली मारतो किंवा मारत नाही.

लांब बाजूच्या मध्यावर आमचा क्लोज्ड चेंज संपत आला होता आणि पुढे नॅचरल टर्न होता. त्याच क्षणी एक जोडी आम्हाला ओलांडून आमच्याच वाटेवर, माझ्या पाठीमागे येऊन थबकली. मला ती दिसणे शक्य नव्हते. माझ्या जोडीदाराला दिसली. त्याने जे करायला हवे ते केले: तिसऱ्या मात्रेवर, वरच, तो थांबून राहिला. मी थांबले नाही. नॅचरल टर्न येणार हे मला माहीत होते, म्हणून माझे डावे पाऊल माझ्याच मनाने मागे निघाले. अंग सुटले, त्याचा तोल माझ्यामागे ओढला गेला आणि माझा खांदा त्या दुसऱ्या स्त्रीच्या पाठीवर आदळला. ती पडली नाही, हे नशीब. पकड सावरून पुन्हा 'एक' सापडेपर्यंत तीन-चार बार गेले असतील. त्यातच तो हळूच, ओठ न हलवता म्हणाला, "अगं, कुठे निघालीस?"

दोन वर्षांत पहिल्यांदा 'तू'. ते त्याच्याही लक्षात आले नसावे. पुढे आम्ही 'तुम्ही'वर परत गेलो नाही.

पाचांपैकी दोन फुल्या मिळाल्या; अंतिम फेरी हुकली. खरे सांगायचे तर त्या दोन फुल्यांचेच मला आश्चर्य वाटले.

त्यानंतरचे सहा महिने मॅडमनी आम्हाला नवीन काहीही शिकवले नाही. आठवड्यातले दोन्ही तास एकच काम: एक हात भिंतीला टेकवून चवड्यावर उभे राहायचे आणि एका पायावर चार मात्रा मोजत खाली यायचे, मग तीन, मग दोन, मग एक. पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. मोजणीही बदलली, 'एक, दोन, तीन' ऐवजी 'एक, दोन, तीन-आणि' अशी, आणि तो 'आणि' मला मोठ्याने म्हणावा लागे. त्याहून त्रासदायक दुसरा प्रकार होता. जोडीदाराने वाटेल तिथे, वाटेल तितक्या मात्रा तिसऱ्यावर थांबायचे, ठरलेल्या आकृतीऐवजी भलतीच काढायची, आणि मी काहीही गृहीत धरायचे नाही. सुरुवातीला मला अपमान झाल्यासारखे वाटे, कारण इतक्या कष्टाने पाठ केलेले सगळे निरुपयोगी ठरत होते. तिसऱ्या महिन्यात कधीतरी एकदा तो थांबला आणि मीही वरच थांबले, काही न ठरवता. खाली येताना त्याचा उतार आधी सुरू झाला की माझा, हे सांगता आले नसते. मॅडम तेव्हा दुसऱ्या जोडीशी बोलत होत्या, त्यांनी पाहिलेही नाही.

दुसऱ्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. अंतिम फेरीत फुल्या नसतात. प्रत्येक परीक्षक सहा जोड्यांना एक ते सहा असे क्रम देतो आणि निकाल स्केटिंग पद्धतीने लागतो. ही पद्धत सरासरी काढत नाही, बहुमत पाहते. आमचे क्रम होते ४, ३, ५, ३, ४. तिसरा किंवा त्याहून वरचा क्रम आम्हाला दोघांनीच दिला होता आणि पाचांचे बहुमत तिघांचे, म्हणून तिसरे स्थान गेले. चौथा किंवा वरचा देणारे चार निघाले, म्हणून आम्ही चौथे. ज्याने पाचवा दिला त्याच्या मताने काही बिघडले नाही, आणि त्याने अगदी सहावा दिला असता तरी बिघडले नसते. एखाद्या परीक्षकाची नाराजी जोडीला बुडवू नये, एवढी काळजी या पद्धतीत घेतलेली असते. तरीही निकालाच्या तक्त्यावरून माझी नजर त्या पाचाकडेच पुनःपुन्हा जात राहिली. त्याला माझे कोणते दहा सेकंद दिसले असतील?

मॅडमनी त्या फेरीची चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या लांब बाजूला दोनदा घाई झाली." घरी येऊन मी ती मंद गतीने पाहिली. तीनदा झाली होती.