दोन तट

१६ जानेवारी

आज गोव्याचा अस्मिताय दिस. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावर १९६७ साली याच तारखेला झालेल्या जनमत कौलाचा विषय दुपारी जेवताना निघाला आणि "आपल्या घरातही तेव्हा यादवीच माजली होती" या ठरलेल्या वाक्यापाशी येऊन थांबला. मतपत्रिकेवर विलीनीकरणाची खूण फूल आणि वेगळे राहण्याची दोन पाने; बाबा फुलाचे, काका दोन पानांचे. दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली आणि दोघा भावांचे बोलणे बंद झाले. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागायतीत, पाटाचे पाणी सोडण्याची पाळीसुद्धा आमच्यासारख्या पोरांच्या तोंडून कळवली जाई. त्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीची (गणपतीवर फळेफुले बांधून टांगतात ती) चौकट एका टोकाने बाबांनी आणि दुसऱ्या टोकाने काकांनी धरली होती, हे मला स्वच्छ आठवते. काकांनी केवणीच्या सालीच्या दोरीने सुपारीचा घड बांधला, तेव्हा बाबा आईकडे पाहून म्हणाले, "त्याला सांग, गाठ सैल आहे." काकांनी ती निमूटपणे सोडून पुन्हा बांधली.

याला यादवी म्हणावे का, हा प्रश्न मला पडला तो सध्या अमेरिकी यादवी युद्धाविषयी वाचत असल्यामुळे. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गचा वेस्ली कल्प कामधंद्यासाठी व्हर्जिनियात गेला, तिथेच रमला आणि १८६१ मध्ये युद्ध पेटल्यावर देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्यात भरती झाला. त्याचा सख्खा भाऊ विल्यम मात्र उत्तरेच्या बाजूने लढत होता. जुलै १८६३ मध्ये वेस्ली परतला तो स्वतःच्याच गावावर चालून आलेल्या फौजेबरोबर, आणि नात्यातल्या हेन्री कल्प यांच्या शेतातील, आजही कल्प्स हिल याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या परिसरात मारला गेला.

सांगायला ही गोष्ट फार सोयीची आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. भावाविरुद्ध भाऊ म्हटले की दोघेही सारखेच दुर्दैवी ठरतात आणि भांडण कशावरून होते हे विचारायचे राहून जाते. ते होते सुमारे ४० लाख माणसांच्या गुलामगिरीवरून. आमच्याकडे हरणाऱ्याला धरून विकायला कोणी नेणार नव्हते, म्हणून तर सगळा राग एका गाठीवर निभावला.

त्याच रणभूमीवर, सिमेटरी रिज या उंचवट्यावर, एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे सुमारे १२ एकर शेत होते. त्याच्या घरात तट पडण्याचा प्रश्नच नव्हता; दक्षिणेचे सैन्य वाटेत सापडलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून गुलामीत पाठवत असल्यामुळे बायकामुलांना घेऊन पळणे एवढेच त्याच्या हाती होते. तो परतला तेव्हा घराच्या भिंती गोळ्यांनी छिन्न झाल्या होत्या, खिडक्या फुटल्या होत्या, कुंपण नाहीसे झाले होते आणि पीक तुडवले गेले होते. कल्प भावांची कथा मी अनेक ठिकाणी वाचली. ब्रायनची मात्र शोधून काढावी लागली. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलर भरपाई मागितली. त्याला १५ डॉलर मिळाले, आणि घराची डागडुजी करून त्याने तीच जमीन पुन्हा कसायला घेतली.