यष्टी, वायसर आणि शेन्सर

कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या तोंडी एस.टी. ही कधीच एस.टी. नव्हती, ती यष्टी होती, आणि पुष्कळ घरांत आजही तीच आहे. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली, पुढे ती गावोगाव पोहोचली आणि खेड्यापाड्यांनी तिला आपल्या जिभेला साजेल असे नाव दिले. शहरी कानाला तो उच्चार ऐकून हसू येते. मलाही येते, परंतु ते कौतुकाचे असते, कारण या एका शब्दात मराठी बोलीच्या दोन सवयी आपापले काम चोख बजावताना दिसतात. शब्दाच्या आरंभीच्या ‘ए’ला बोलीत ‘य’ येऊन चिकटतो, म्हणून एकचे येक होते, पाच एच.पी.ची मोटार पाच यच्पीची होते आणि एम.ए. झालेला मुलगा यम्मे होतो. शिवाय ‘ट’च्या शेजारी आलेला ‘स’ जिभेला मागे ओढून ‘ष’ होतो. कष्ट, नष्ट, दुष्ट हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारणाऱ्या जिभेने एस.टी.च्या बाबतीतही तेच केले.

शिनेमा, शिमिट आणि शिग्रेट या शब्दांची गोष्टही अशीच आहे. ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांच्या आधी आलेल्या ‘स’चा ‘श’ करणे ही मराठीची फार जुनी खोड आहे. संस्कृतातील सीमेची मराठीत शीव झाली, आणि सिंचनाशी नाते सांगणारे क्रियापद आपल्याकडे शिंपणे म्हणून रुळले. शीव आणि शिंपणे यांना आपण अस्सल मराठी म्हणून मान देतो आणि त्याच वाटेने आलेल्या शिनेमाला मात्र अडाणी ठरवतो, हा न्याय मला पटत नाही.

हे सगळे जिवंत ऐकायचे असेल, तर कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरासारखी दुसरी जागा नाही. लेथ, फौंड्री आणि गॅरेज यांच्या त्या गल्ल्यांतून इंग्रजी शब्द दिवसभर हातोडीखालून जात असतात. वॉशरला तेथे वायसर म्हणतात, व्हॉल्व्हचा वॉल होतो, स्टार्टरचा स्टाटर, पिस्टनचा पिष्टन, आणि शॉक ॲब्सॉर्बर हे लांबलचक नाव दोन्ही बाजूंनी तासून शाकाप्सर एवढे सुटसुटीत केले जाते. त्यात ‘ब’चा ‘प’ का झाला, हे कोणी मुद्दाम ठरवलेले नाही. पुढे ‘स’ असला की ‘ब’चा घोष, म्हणजे घशातला कंप, आपोआप जातो, आणि घाईने बोलणारा कोणताही मराठी माणूस तेच करील. मागे एका गॅरेजात नवी मोटारसायकल दाखवायला आलेल्या गिऱ्हाइकाला मिस्त्री सांगत होते, “दादा, इंजनाला काय झालेलं न्हाई. शेन्सर गेलाय, त्यो बदलाय लागतोय.” एप्रिल २०२० पासून बी.एस. सिक्सचे प्रदूषणनियम लागू झाले आणि दुचाकींत सेन्सरची संख्या वाढली. सीमेची शीव करणारा नियम या नव्या सुट्या भागालाही तितक्याच तत्परतेने लागू झाला, हे ऐकून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. गिऱ्हाईक तरुण होते, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असावेत, त्यांनीही परत विचारताना “शेन्सर कितीला येतोय?” असेच विचारले.

इंग्रजांच्या जिभेनेही याहून वेगळे काही केलेले नाही. कपबोर्ड असे लिहून ते कबर्ड म्हणतात आणि वेन्सडेच्या स्पेलिंगमधील ‘डी’ गिळून टाकतात. आपला पंक्चरवाला ‘क’ गिळून पंचर म्हणतो, तेव्हा तोही व्यंजनांची गर्दीच कमी करत असतो. बर्ड या शब्दात ‘आर’ पूर्वी स्वराच्या आधी होता, पुढे त्या दोघांनी जागा बदलल्या. आपल्याकडे सिग्नलचा शिंगल झाला, तोही अशाच अदलाबदलीने. आणि पुण्याजवळच्या खडकीचे किरकी करून त्यांनी ते नाव सरकारी कागदांवर चढवले, तेव्हा त्यांच्या उच्चाराला कोणी अशुद्ध म्हणाले नाही.

स्पेलिंग पाहून उच्चार करणाऱ्यांची चेष्टा तर मला फारच अन्यायाची वाटते. आपली लिपी लहानपणापासून शिकवते की, जे लिहिले आहे ते वाचायचे. त्या शिस्तीत वाढलेला विद्यार्थी कर्ज या अर्थाच्या डेट शब्दात ‘बी’ दिसल्यावर डेब्ट म्हणतो. तो ‘बी’ इंग्रजीच्या तोंडात नव्हताच. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हाही नव्हता. लॅटिनमधील डेबिटम या शब्दाशी नाते दिसावे म्हणून पंडितांनी तो स्पेलिंगमध्ये नंतर घातला. पंडितांनी घातलेले अक्षर आमच्या मुलाने प्रामाणिकपणे उच्चारले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

हे इतक्या पोटतिडकीने लिहिण्याचे कारण म्हणजे राधानगरी तालुक्यातील माझ्या परिचयाची एक मुलगी. मेकॅनिकल शाखेची पदवी घेऊन ती एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. व्हॅक्यूम पंपाचे कार्य तिने नीट समजावून सांगितले, परंतु ती वॅक्यूम म्हणत होती, आणि समोर बसलेल्या एका गृहस्थांनी तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. दर वेळी बाकीचे हसत होते. तिचे उत्तर बरोबर आहे की चूक, याकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. गॅरेजातल्या शाकाप्सरवर येणारे हसू आणि हे हसू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि या दुसऱ्या हसण्याचा मला मनस्वी संताप येतो.

मराठीत ‘व’ एकच आहे आणि तो इंग्रजीच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून लिहिताना आपल्याला ‘व्ह’ची सोय करावी लागते, पण शाळेत हा फरक तोंडाने करून दाखवणारे शिक्षक विरळाच. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवून हवा घासत सोडायची, आणि ‘डब्ल्यू’साठी दात बाजूला ठेवून दोन्ही ओठांचा चंबू करायचा, एवढेच ते आहे. पाचवी-सहावीतल्या मुलांना आरशासमोर उभे करून व्हॅन आणि वन हे शब्द आलटून पालटून म्हणायला लावले, तर एका तासात बहुतेकांना ते जमेल, आणि त्या तासाला मुले एकमेकांचे चंबू पाहून पोटभर हसतील, तेव्हा त्यांना कोणी गप्प बसवू नये.