शकुंतलेच्या गालावरची तीट

"ऋषी बाळाला आशीर्वाद देताहेत," आजींनी सांगितलं. त्यांच्या माहेरी हे चित्र बाळंतिणीच्या खोलीत असायचं. मुलाने ते माझ्याकडे दुरुस्तीला आणलं होतं.

चौकटीमागे देवदारी फळी होती आणि तिच्या गाठींचे तपकिरी गोल कागदावर उमटले होते. कडा फ्रेमवाल्याने कापून टाकलेल्या. याचा मला दर वेळी संताप येतो, कारण रविवर्मा प्रेसचं नाव-गाव तिथेच छापलेलं असतं. मुंबई दिसली तर छपाई जुनी, मळवली दिसली तर प्रेस तिथे हलल्यावरची, म्हणजे १८९९ नंतरची. इथे दोन्ही नाही.

चित्र मात्र ओळखीचं होतं. रविवर्मा प्रेसमधून १८९४मध्ये निघालेलं पहिलंच ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं रंगीत छापील चित्र, 'शकुंतला जन्म'. भिंगाखाली ऑफसेटची आखीव जाळी नव्हती, दगडावर हाताने दिलेले लहानमोठे ठिपके होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मेनकेच्या खांद्यापाशी त्यातला एक केसभर सरकलेला. हे पाहून जीव भांड्यात पडला. नव्या छपाईला चहाचं पाणी पाजून जुनी म्हणून विकणारे बाजारात पुष्कळ आहेत.

विश्वामित्राचा हात वर आहे खरा, पण तोंड फिरवलेलं आहे. तो बाळ नाकारतोय. महाभारताच्या आदिपर्वात हा प्रसंग नाही. तिथे मेनकाच मुलीला मालिनीच्या काठी सोडून इंद्राकडे परतते. रविवर्म्याने आईला बाळ पुढे धरायला लावलं आणि पाठ फिरवायचं काम बापाला दिलं. मला हे त्याचं फार मोठं धाडस वाटतं.

बाळाच्या गालावर एक काळा डाग होता. "मॅडम, हा काढाच, किंमत पडते," मुलगा म्हणाला. त्याला कुण्या दलालाने तसं सांगितलेलं. भिंग लावलं तर काजळी वार्निशच्या वर बसलेली, भोवती तेलाचं फिकट कडं, आणि काजळीत बोटाच्या रेषा. कुणीतरी चित्रातल्या बाळाला तीट लावली होती.

ती काढायची तर खालचं वार्निश आणि त्याबरोबर गालाचा गुलाबी रंगही जाणार. हे समजावताना आजींनी विचारलं म्हणून चित्राची गोष्टही सांगितली. त्या बराच वेळ विश्वामित्राच्या हाताकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "मग तर तिला हात लावू देऊ नकोस."

तेव्हापासून माझ्या मनात तो हात घोळतोय. त्याच्याखाली घरातली किती बाळं निर्धास्त झोपली असतील. तो अर्थ चुकीचा म्हणून खोडायला माझं मन घेत नाही. आमच्या छापील तपासणी-फॉर्मात अशा गोष्टीला 'नुकसान' हा एकच रकाना असतो. मी तो रिकामा सोडला आणि शेऱ्यात दोन ओळी लिहिल्या: 'प्रसंग: विश्वामित्राचा नकार.' आणि 'घरातली समजूत: आशीर्वाद; बाळाला तीट, काढू नये.'

मुलाचा फोन येतो, "दुसरी ओळ तेवढी गाळा, गिऱ्हाईक हसेल." मी ती गाळणार नाही.