पॉम्पेईतली गिरणी आणि कोरेगावचे काका

परवा ऑफिसने एका पॅसेंजरचा फीडबॅक फॉरवर्ड केला. "पॉम्पेईत एका काकांमुळे ग्रुपचा अर्धा तास वाया गेला आणि टूर मॅनेजर नुसता बघत उभा होता." उभा होतो हे खरंय. काय बघत होतो ते सांगतो.

आधी थोडं कामाचं. पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २० हजार लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव लागतं, ते आयडीशी जुळायला हवं. आता आपली नावं म्हणजे मधे वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव आधी की शेवटी, बुकिंगवाल्यांनी कुठल्या रकान्यात काय कोंबलंय देव जाणे, त्यामुळे गेटवर माझा सगळा वेळ 'ह्या त्याच बाई आहेत' हे पटवण्यात जातो. आणि आत गेलं की माझं तोंड बंद. इटलीत माहिती सांगायची ती लायसन्सवाल्या गाईडनेच, टूर मॅनेजर झेंडा धरून भाषण देताना सापडला तर दंड. मी फक्त व्हिस्परवरून, म्हणजे सगळ्यांच्या कानात आवाज पोचवणाऱ्या यंत्रावरून, गाईडचं इंग्लिश हळू आवाजात मराठीत करतो. ह्या वेळची गाईड अभ्यासू होती, पण सगळं पाठ केलेलं, त्याच क्रमाने, त्याच जोक्ससकट.

फोरम म्हणजे तिथला मुख्य चौक झाला, स्नानगृहं झाली, मग सगळे निघाले लुपानारकडे, म्हणजे तिथल्या वेश्यागृहाकडे. तिथे प्रत्येकाला जायचं असतं आणि प्रत्येकजण 'आता गाईड नेतेय म्हणून' असा चेहरा करून जातो. वाटेत पोपिडियस प्रिस्कसची बेकरी लागते. ही जाती, ती भट्टी, गाढवं फिरवायची, चला पुढे. दोन मिनिटं. तिथे काका थांबले.

काका कोरेगावकडचे, आयुष्यभर पिठाची गिरणी चालवलेली, आता मुलगा बघतो आणि त्यानेच काका-काकूंना टूरला पाठवलेलं. कोलोसियमसमोर माणूस फक्त "मोठं हाय" म्हणाला होता. आणि इथे कठड्याला पोट टेकवून वाकला तो हलेना. "काका, चला," म्हटलं. "थांब जरा. इचार तिला, दगड कुठला?"

ही जाती आपल्यासारखी चपटी नाहीत. खाली शंकूच्या आकाराचा दगड, त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड, वरच्या तोंडातून गहू ओतायचा आणि कमरेशी दोन्ही बाजूंना चौकोनी खोबण्या आहेत त्यात लाकडी दांडे बसवून फिरवायचं. दगड लाव्हाचा. पण गंमत म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखी शेजारी असूनही पॉम्पेईतल्या जात्यांचे बरेच दगड ऑर्व्हिएतोकडून, पार रोमच्या पलीकडून आणलेले. काका हसलेच. "शहाणी माणसं. भोकाभोकाचा दगड हाय, झिजला तरी नवी धार निघती. आमच्याला सारखी टाकी लावाय लागती." आता टाकी लावणं इंग्लिशमध्ये समजावताना माझी तारांबळ. हातवारे करून छिन्नी-हातोडी दाखवली तेव्हा गाईडने चक्क मोबाईल काढून नोट करून घेतलं.

पुढचा प्रश्न, वरचा दगड पेलतोय कशावर? दगडाला दगड घासला तर पिठात कच येते. तिने सांगितलं, खालच्या शंकूच्या डोक्यात खुंटा असायचा, वरच्याचं वजन त्यावर, तरी कच यायचीच आणि खाणाऱ्यांचे दात झिजायचे. मोडेस्टस नावाच्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले, कोळसा झालेले, इसवी सन ७९ च्या उद्रेकातले, तेही तिने सांगितलं. एरवी हे ती सांगत नाही, मी तिच्याबरोबर आधीही फिरलोय.

मग काकांनी दोन जात्यांमधलं अंतर नजरेनं मोजलं. "ह्यातनं जनावर वळतंय?" गाईड म्हणाली, गाढवं, खेचरं, आणि गुलामसुद्धा. मग उत्खननात सापडलेल्या, २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या बेकरीबद्दल बोलली. पॉम्पेईतच, कोंदट खोली, बाहेरच्या रस्त्याला दार नाही, छोट्या खिडक्यांना लोखंडी गज, जमिनीत अर्धगोल खाचा, म्हणजे आंधारी बांधलेली गाढवं एकमेकांना न अडखळता फिरतील. माणसं आणि गाढवं त्याच जागेत कोंडलेली. काका म्हणाले, "गज काय पिठाला लावत न्हाईत."

इकडे ग्रुपमध्ये वॉशरूम कुठंय सुरू झालेलं. फीडबॅकवाले साहेब घड्याळ दाखवत होते. ह्याच साहेबांनी आदल्या दिवशी लेदर जॅकेटच्या घासाघिशीत सगळ्या बसला ताटकळत ठेवलेलं, तेव्हा कुणाचा वेळ वाया गेला नव्हता. मी काकांना हलवलं नाही. परत तीच वेळ आली तरी नाही हलवणार.

दुपारी नेपल्सचं म्युझियम. (मंगळवारी बंद असतं, हे न बघता आयटिनररी छापणारे महाभाग आमच्यातच आहेत.) तिथे हर्क्युलेनियमचा, म्हणजे पॉम्पेईसारख्याच गाडल्या गेलेल्या शेजारच्या गावाचा, एक काळा पाव आहे, गोल, आठ भाग पाडलेला, त्यावर शिक्का: केलेर, क्विंटस ग्रॅनियस वेरसचा गुलाम. गाईड म्हणाली, बेकरचा ब्रँड. काका म्हणाले, कसला ब्रँड, घरोघरचं पीठ एकाच भट्टीला येत असणार, डबा बदलू नये म्हणून नाव. गाईड म्हणाली, हो, असंही मानतात. त्यावर काकांनी मलाच विचारलं, मग मालकाचं नाव पुरं होतं की, गुलामाचं कशाला घातलं, तेही आधी?

मी म्हटलं, त्याने मळलाय, त्याचं नाव नको का.

"आरं, खडा निघाला तर कुणाला धरायचं ते कळाय नको का," काका म्हणाले, आणि हॉटेल येईपर्यंत आम्ही ह्यावर भांडत होतो, काकू माझ्या बाजूने. मला काकांचं अजून पटत नाही. पण पिठाच्या धंद्यात माणूस मी नाही, ते आहेत.