पावसाळी वाचन: अर्थसी, चौथ्या पुस्तकापर्यंत

उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या फॅन्टसी मालिकेचं री-रीड चौथ्या पुस्तकापर्यंत, 'टेहानू'पर्यंत आलंय. पहिली तीन झाली. वेंगुर्ल्यात पावसाने जोर धरला की संध्याकाळी लाईट जाते ती जेवणं उरकल्यावरच येते, त्यामुळे रात्रीचं वाचन किंडलवर. पेपरबॅक दुपारी. या हवेत पानं फुगतात आणि बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून जरा उघडीप मिळाली की कपाट रिकामं करून पुस्तकं पंख्याखाली उभी करते.

पहिलं पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ सालचं. सगळी बेटंच बेटं, मधे समुद्र. किनाऱ्यावर वाढलेल्या कुणी फॅन्टसी कुठून सुरू करू म्हणून विचारलं, की मी हेच हातात देते. कोवळ्या वयाचं कुणी असेल तर टोल्किनचं 'हॉबिट', पण एरवी हेच. शेळ्या राखणारा गेड ऑजियन या थोर जादूगाराचा शिष्य होतो. वाटेत पाऊस लागतो. त्या बेटावर पावसाचा ढग दुसरीकडे ढकलणारे चेटके काही कमी नाहीत. ऑजियन मात्र एक दाट झाड बघतो आणि खाली निजतो. गेड झुडपांत भिजत, धुमसत बसतो. ताकद वापरायचीच नसेल तर ती मिळवायची कशाला, हा त्याचा प्रश्न. एका ठिकाणी पाऊस पाडलास तर दुसरीकडे दुष्काळ पडेल, हे रोक बेटावरच्या जादूच्या शाळेतले गुरू त्याला पुढे शिकवतात. पटायला मात्र त्याला अख्खं पुस्तक लागतं. जादूची किंमत मोजावी लागत नसेल, तर ती सिरीज मी पहिल्या भागातच सोडते. ही माझी एकच चाळणी.

या खेपेला मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती होडीच्या भागात. बोट फुटल्यावर गेड मोडक्यातोडक्या लाकडांची होडी मंत्रांनी बांधतो. मंत्रावरचं लक्ष सुटलं तर फळ्या सुट्या होणार! पुढे एका गावात मोतीबिंदू झालेला म्हातारा आपली जुनी होडी त्याला देतो, बदल्यात गेड त्याचे डोळे बरे करतो. म्हातारा सांगतो, हिचं नाव 'लुकफार' ठेव आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगव. तेवढं एक पान मी परत परत वाचलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा समोरच्या होड्या झापांखाली ओढून ठेवलेल्या असतात. शेजारच्या आबांना, जुने तांडेल ते, म्हणजे होडीवरचे प्रमुख, ही गोष्ट सांगितली. वारा बोलावणाऱ्या मांत्रिकाबद्दल ऐकून म्हणाले, "वारो खंय कोणाचा आयकता गो?" मग होडी किती दिवस पाण्याबाहेर होती ते विचारलं, कारण लाकूड सुकलं की फळ्यांमधल्या फटी उघडतात. यापेक्षा चांगला श्रोता मला मिळाला नसता.

'टेहानू' १९९० सालचं, तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी आलेलं. गेड सगळी शक्ती गमावून परत येतो, आणि गोष्ट असते तेनारची. विधवा, शेत सांभाळणारी, भाजलेल्या एका मुलीला पोटाशी धरणारी. पहिल्यांदा वाचताना मला हे संथ वाटलं होतं. आता वाटतं, चारांत हेच थोर. पुरुष मुंबईला आणि घर, गुरं, शेत बायकांच्या अंगावर, अशा गावात वाढलेल्या वाचकाला यातली कामं, शेजारणी आणि रात्री दार लावताना वाटणारी भीती समजावून सांगावी लागत नाही. फक्त ड्रॅगन आणि लढाया हव्या असतील त्यांनी इथे येऊ नये.

मराठीत यासोबत काय, तर चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६). तिला कुणी फॅन्टसीच्या फळीवर ठेवत नाही, मी ठेवते. समुद्राकडून मिळालेलं सामर्थ्य माणसाला कुठे नेतं, हे इतकं काळोखं मी इंग्रजीतही फार थोड्या ठिकाणी वाचलंय. नाथमाधवांची 'वीरधवल' (१९१३) वाचनालयातून आणायची आहे. ती भुयारांची आणि कटकारस्थानांची जुनी अद्भुतरम्य मजा. गणपतीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवीन.

अर्थसीत आता 'टेल्स फ्रॉम अर्थसी', मग 'द अदर विंड'. दोन्ही २००१ सालची. सोबत वाचणाऱ्यांनी हा क्रम मोडू नका: 'टेल्स'मधल्या 'ड्रॅगनफ्लाय' कथेतली इरियन शेवटच्या पुस्तकात परत येते, आणि ती कोण हे ठाऊक नसेल तर तिथला प्रसंग अर्धाच कळतो.